मोजणीत एक जास्त

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (लिहिताना मी खुर्चीत बसलेली आहे, त्यामुळे नमस्कार आठही अंगांनी घडलेला नाही. खोटं लिहू नये असं तूच शिकवलंस, म्हणून सांगून टाकते.) तुझी तब्येत कशी आहे? विशेषतः डावा गुडघा? तो जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना? सपाट जमिनीवर, समजा एखाद्या लांबलचक अंगणातून, न थांबता चालता येतं का? पाठ नसलेल्या बाकावर सकाळभर बसवेल का? हे सगळं मी केवळ मायेपोटी विचारते आहे. बाबा म्हणाले की हल्ली कोणी कितीही बोलावलं तरी तू घराबाहेर पडत नाहीस, आणि लोकांचं ऐकून घेण्याचं आता आपलं वय राहिलं नाही असं म्हणतेस. बाबांच्या मते ते वय तुला कधीच नव्हतं. (हे त्यांचं मत. मी फक्त कळवते आहे.)

माझं म्हणशील तर ठीक आहे. झोप लागत नाही, पण ती मला घरीही लागत नसे, त्यामुळे त्याचा दोष तुरुंगाला देता येणार नाही. विद्यापीठाने बायकांच्या तुरुंगात पदवीचे वर्ग सुरू केलेत आणि मला त्यांची प्रमुख केलंय, हे बाबांनी तुला सांगितलंच आहे. ते ऐकून तू शेजारच्या काकूंना काय सांगितलंस तेही माझ्या कानावर आलं. कृपा करून ते मागे घे. माझी निवड झाली ती अशी: विभागाच्या बैठकीत तुरुंगाच्या नियमांची जाडजूड पुस्तिका फिरत होती. प्रत्येकाने ती शेजाऱ्याकडे सरकवली, मी ती वाचली. वाचून मान वर केली तेव्हा सगळे प्रेमाने माझ्याकडे बघत होते. आता मी प्रमुख आहे, आणि माझ्या हाताखाली मी आहे. आमचं फारसं पटत नाही.

पुस्तिकेत असं आहे की येणाऱ्याने साधे, फिकट, नजरेत न भरणारे कपडे घालावेत. बाकीचे पाहुणे हे वाचून आकाशी, पिस्ता वगैरे घालून येतात. मी सर्वांत फिकट रंग कोणता याचा नीट विचार केला आणि सगळे कपडे पांढरे शिवून घेतले. आतल्या बायकांचे कपडेही पांढरेच असतात हे मला पहिल्या दिवशी दिसलं, पण तोवर शिंप्याचं काम झालं होतं, आणि पुस्तिकेत तशी मनाई कुठेच नव्हती. (हे लक्षात ठेव, पुढे लागेल.) फाटकावरच्या शिपाईबाई माझी पिशवी तपासतात. त्यांनी विचारायच्या आत मी सगळं टेबलावर मांडते आणि आतल्या कप्प्यात डोकेदुखीची गोळी आहे हे आपणहून सांगते. त्या म्हणतात, एवढं भराभर कबूल करणारं माणूस आत एकही नाही.

आमचा वर्ग भरतो तो पूर्वी शिवणखाना होता. यंत्रं गेली, पण भिंतीला तेलाचा वास राहिला आहे, आणि बाकांवर अजून कुठे कुठे सुया सापडतात. (प्रत्येक सुई मी फाटकावर नेऊन जमा करते. शिपाईबाईंनी आता त्यासाठी एक डबी ठेवली आहे आणि तिला माझं आडनाव दिलं आहे.) मी शिकवते युक्तिवाद, म्हणजे तुझाच विषय. तू तो कॉलेजात निवृत्त होईपर्यंत शिकवलास आणि मला शाळेत न घालता घरी जेवणाच्या टेबलाशी शिकवलास. खरं सांगायचं तर दुसरी कोणतीही पद्धत मला येतच नाही. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी वर्गात तुझी 'खुर्ची बदल' सुरू केली.

तुला आठवत असेलच, पण मला सांगायला आवडतं. भांडण रंगात आलं, मी रडकुंडीला आले आणि आता आपण जिंकणार असं मला वाटू लागलं, की तू टेबलावर चमचा वाजवून म्हणायचीस, "खुर्ची बदल." मग मी तुझ्या खुर्चीत बसून तुझी बाजू मांडायची आणि तू माझ्या खुर्चीत बसून माझी. मला शाळेत का पाठवू नये हे सगळ्यांत चांगलं मीच मांडलं होतं, आणि त्यामुळेच मी आणखी दोन वर्षं घरी राहिले. वर्गात हे सांगितलं तेव्हा बायका इतक्या हसल्या की बाहेरची पहारेकरीण डोकावून गेली. तेव्हापासून तू आमच्या वर्गात आहेसच म्हण. एखादीचा मुद्दा पोकळ निघाला की बाकीच्या म्हणतात, आत्याबाईंपुढे हे चालेल का?

या वर्गात एक आजीबाई आहेत. त्या प्रत्येक वादात दोन्ही बाजूंना बरोबर म्हणतात आणि दोन्ही बाजू त्यांच्यावर चिडतात. आणि एक आहे वकीलीण. ती कधी कोर्टात वकील नव्हती, हे नाव बराकीने दिलं, कारण ती आमटीतल्या मिठापासून आंघोळीच्या पाळीपर्यंत सगळ्यावर मुद्देसूद बोलते. कोणी काय केलं म्हणून आत आली हे मी विचारत नाही. तिने आपणहून एवढंच सांगितलं की तिचा खटला बरीच वर्षं चालला आणि त्यात तिला स्वतःला बोलायला मिळालं ते फक्त नाव आणि 'हो'. बाकी सगळं तिच्याविषयी दुसरेच बोलले. आता महिनाअखेर तिची बदली दुसऱ्या तुरुंगात होते आहे. तिथे कॉलेज नाही. त्याआधी तोंडी परीक्षा झाली तर तिचं हे वर्ष जमा होईल आणि पुढचं तिला टपालाने करता येईल. नाही झाली, तर वर्ष बुडालं, आणि तिथे ते पुन्हा सुरू करायला वर्गच नाही. हा सगळा मजकूर नीट वाच. बाकीचं पत्र वरवर वाचलंस तरी चालेल.

आता गोंधळाकडे येते. त्या दिवशी वादाचा विषय होता, नियम का पाळायचा ते कळत नसेल तर तो पाळावा का. मी अर्थात पाळावा म्हणत होते. वकीलीण नाही म्हणत होती आणि हरत आली होती, म्हणून मी बाकावर पट्टी वाजवून "खुर्ची बदल" म्हटलं आणि तिच्या जागी आजीबाईंच्या शेजारी जाऊन बसले. वकीलीण फळ्यापाशी उभी राहिली. माझी खुर्ची रिकामी. तेवढ्यात अवेळीच कैद्यांच्या मोजणीची घंटा झाली. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे: घंटा झाल्यावर तुरुंगाच्या हद्दीतल्या प्रत्येक व्यक्तीने आहे त्या जागी थांबावं, मोजणी पूर्ण होईपर्यंत कोणीही बोलू नये. 'प्रत्येक व्यक्तीने' असं आहे, आत्या. 'पाहुण्या सोडून' असं नाही. मी थांबले आणि गप्प बसले.

मोजायला आलेली पहारेकरीण नवीन होती. शिकवणाऱ्या बाई खुर्चीत असतात असं तिला सांगितलेलं, आणि खुर्ची तर रिकामी. तिने फळ्यापाशी उभ्या वकीलिणीपासून सुरुवात करून बाकांवरच्या सगळ्यांच्या खांद्याला बोट लावत मोजत नेलं. माझेही कपडे पांढरेच, त्यामुळे माझ्याही खांद्याला लावलं आणि एक आकडा म्हणाली. मला वाटलं होतं की असं झालं तर अपमान वाटेल. तसं काही झालं नाही. मी फक्त तो आकडा मनात धरून ठेवला, कारण कोणी विचारलं तर तो चुकायला नको. माझ्याकडे त्या घटकेला सांभाळायला तेवढंच होतं. इथे मी विनोद करत नाहीये, म्हणून पुढच्या वाक्यापासून पुन्हा करते.

तुरुंगात एक जास्त भरली.

पुन्हा मोजलं, पुन्हा एक जास्त. स्वयंपाकघर बंद झालं, चुली विझवल्या, भेटीला आलेल्यांना बाहेर काढलं, सगळ्या बराकींना कुलपं लागली. मी अजून गप्प होते, कारण मोजणी पूर्ण झालेली नव्हती. ती पूर्ण का होत नाही याचं कारण मीच आहे हे मला केव्हाच कळलं होतं, पण ते सांगायचं तर बोलावं लागणार, आणि बोलायचं तर मोजणी पूर्ण व्हावी लागणार. तूच मला पेच ओळखायला शिकवलंस. त्यातून बाहेर पडायला शिकवायचं तेवढं राहिलं. शेवटी अधीक्षकबाई स्वतः आल्या. तेव्हा आजीबाईंनी, ज्यांनी आजवर कोणतीच बाजू घेतलेली नाही, माझ्या कोपराला धरून माझा हात वर केला आणि म्हणाल्या, "ही आमच्यातली नाही. पण राहू द्या की, अभ्यासू आहे."

अधीक्षकबाई सडपातळ, शांत आणि भयंकर आहेत. त्यांनी मला खोलीत बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, "एक कमी भरली तर काय करायचं ते मला पाठ आहे. एक जास्त भरली तर काय करायचं, ते आजवर कोणाला लिहून ठेवावंसंच वाटलं नाही." मी म्हटलं, मी मसुदा तयार करून देऊ का. त्यांनी डोळे मिटून घेतले. वर्ग बंद. तोंडी परीक्षा मात्र होऊ देतील, पण अट अशी की माझ्यावर लक्ष ठेवायला सोबत कोणीतरी वडीलधारं हवं. बायकांवर नाही, माझ्यावर. आणि त्याच संध्याकाळी बाहेरचे परीक्षक म्हणून नेमलेल्या सरांचा फोन आला. आपल्याला मोजलं तर पुन्हा सोडतील याची त्यांना लेखी हमी हवी होती. मी म्हटलं, सोडतील असं मला वाटतं. मी 'नक्की' म्हणायला हवं होतं, पण ते माझ्या अधिकारात नव्हतं. सरांनी तब्येतीचं कारण कळवलं आहे.

असं सगळं आहे. काळजी करू नकोस, तुला कामाला लावावं म्हणून हे लिहिलेलं नाही. नुसती खुशाली कळवायची होती. बाबांना सांग की मी जेवते. शेजारच्या काकूंना काहीच सांगू नकोस. तुझा आशीर्वाद असू दे, आणि तो देताना माझं चुकलं कुठे हे सांगायचं राहिलं तरी चालेल.

तुझी भाची, जी घरात अजूनही छोटीच

ता. क. वरचं 'तुला कामाला लावावं म्हणून हे लिहिलेलं नाही' एवढं सोडून बाकी खरं आहे. नाही, खुशालीचंही खरं नाही. तुला परीक्षक म्हणून यायचं आहे. बाहेरचा परीक्षक म्हणून विषयाचा निवृत्त प्राध्यापक चालतो आणि वडीलधारं माणूस तर तू आहेसच. एका पासावर दोन्ही कामं होतील. गुडघ्याचं विचारलं ते मायेपोटीच, पण फाटकापासून वर्गापर्यंतचं अंगणही लांब आहे. बाकाला पाठ नाही. उशी आत नेऊ देत नाहीत, मी विचारून ठेवलं आहे.

ता. क. दुसरा. तू शेवटची तोंडी परीक्षा घेतलीस तेव्हा सगळी मुलं नापास केली होतीस. त्यानंतर विद्यापीठाने तुला बोलावलं नाही, आणि तू म्हणालीस की आपणच जात नाही. वकीलिणीला पास कर असं मी लिहिणार नाही, ते नियमात बसत नाही. एवढंच की हे मी तिला आधीच सांगून टाकलं, लपवणं बरं नव्हे म्हणून. मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, "याच हव्यात. दया येऊन पास केलेलं मी माझं धरणार नाही. फक्त त्यांना सांगा, पूर्ण ऐकून घ्या, मग काय ते म्हणा." तेव्हा ऐकून घेण्याचं वय राहिलं नाही हे कारण या वेळेपुरतं बाजूला ठेव. तिचा विषय आहे, मूल घरी शिकवावं की शाळेत घालावं. तिने शाळेची बाजू घेतली आहे. पट्टी मी टेबलावर तयार ठेवीन. खुर्ची बदलायची वेळ आली तर तुला उठावं लागेल. गुडघ्याचं त्यासाठीही विचारलं होतं.

ता. क. तिसरा. पास मी काढून ठेवला आहे. तू नाही म्हणशील तर तो रद्द करायचा विनंतीअर्ज माझ्याकडे कोरा आहे, पण त्यात कारणाचा रकाना आहे, आणि तिथे मला खरं लिहावं लागेल.

ता. क. शेवटचा. परीक्षेच्या मध्येच मोजणीची घंटा होऊ शकते. तेव्हा तू बाकावर असलीस तर लगेच हात वर कर. तू जन्मभर दुसऱ्यांना हात वर करायला लावलास, स्वतः कधी केला नाहीस, म्हणून आतापासूनच आरशासमोर सराव ठेव. कारण तू आपली ताठ बसून राहिलीस आणि पुन्हा एक जास्त भरली, तर मी तुझ्या शेजारीच असेन, पण माझ्या भरवशावर राहू नकोस. मला बोलायची परवानगी नसेल.