लेकीच्या गाई कशा ओळखाव्यात

मी, शिवणकाम करणारी, वय सत्तर, पोटात दुखणं असलं तरी डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या पश्चात काय करावं ते लिहून ठेवते.

दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या भावाला. अट एकच. माझी लेक जिवंत असेपर्यंत तिला याच घरात सांभाळावं, कुठल्याही संस्थेत नेऊन टाकू नये. शिलाई मशीन हाताखालच्या मुलीला. तिने त्याला वेळेवर तेल घालावं, नाहीतर माझा जीव वरही खालीवर होईल. लेकीच्या वडिलांनी सोडून जाताना आम्हाला जेवढं दिलं, तेवढंच त्यांना मिळावं. म्हणजे काही नाही.

लेक चाळिशीची आहे. जन्मापासून बोलत नाही, खुणाही करत नाही. रोज गाई रंगवते. तिचं दुखलंखुपलं मला त्या गाईंवरूनच कळतं. भाऊ हसतो. म्हणतो, "ताई, गाईच्या पाठीवरून तुला हिचं पोट कळतं होय!" कळतं. आता त्यालाही कळायला हवं.

रंगाचे जाड थर, बोटाला खरखरीत लागणारे, म्हणजे ती चिडली आहे. तिच्या वाटेला जाऊ नये. रंग पाण्यासारखा पातळ, म्हणजे पोट बिघडलंय. पिवळ्या गाई बघून स्वारी खूश आहे असं धरून चालू नये. भावाने एकदा तसं धरून तिला बागेत नेलं, आणि तिचा कान ठणकत होता. ते मी विसरलेले नाही. निळ्या गाई म्हणजे सगळं ठीक.

माझ्या आजाराबद्दल तिला कोणी सांगितलेलं नाही. तरी आठवडाभर ती एकच चित्र घेऊन बसली आहे. त्यात एक गाय आडवी पडली आहे. तिच्या पोटावरचा रंग लेकीने नखांनी खरवडून कागद उघडा केलाय. शेजारी छोटी गाय उभी आहे. ती निळी आहे, पण रंग इतका जाड की वाळतच नाही. मी विचारलं, "ही झोपलीय का गं?" तिने माझा तळहात धरला आणि त्या खरवडलेल्या जागेवर घासत राहिली. मला घाबरायला झालं. मी हात सोडवून घेतला नाही.

हे चित्र मला कळलेलं नाही. भावाला कळलं, तर ती जे मागते आहे ते त्याने तिला द्यावं.

सही: माझी. वाकडी आली, तरी माझीच.
साक्षीदार: माझ्या डॉक्टरीणबाई, शेजारचे घड्याळवाले.
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली. लेक बाजूला रंग कालवते आहे.
दिनांक: आजचा. पुढचा माझ्या हातात नाही.