चंद्राला ओवाळताना

युरोपमुक्त सौमित्रपंतांस ताईचे आशीर्वाद, चालत असतील तर.

स्वतः व्हिसावर लेस्टरला गेलास आणि राष्ट्रकुलातला भारतीय म्हणून मिळालेलं मत ब्रेक्झिटच्या बाजूने कसं दिलंस, असं मी फॅमिली ग्रुपवर विचारलं, तर तू ग्रुपच सोडलास. ब्रिटनला बाहेर पडायला वर्षं लागली, तुला मिनिट पुरलं.

तेव्हापासून भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर तुला ओवाळणं बंद. भाऊ नसलेल्या बायकांसारखी मी इथे सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या फ्लॅटच्या खिडकीतून चंद्राला ओवाळते. तो वाद घालत नाही, हे खरं, पण “ताई, लाडू विकतचे ना?” असंही विचारत नाही.

आज भाऊबीज, आणि आभाळ गच्च भरलंय. शास्त्रात तिसरा पर्याय सापडला नाही. तेव्हा पत्र राहू दे, फोनच लावते. मत बदलू नकोस. फक्त उचल.

अजून ग्रुपवरच असलेली,
मेधाताई