गिटारच्या वाकलेल्या मानेबाबत खुलासा

ईट, ता. भूम
१७ एप्रिल

चिरंजीव श्रीनाथराव, मुक्काम पुणे, यांस हर्षालीताईचा आशीर्वाद.

तू बरा असशील असं धरून चालते, कारण तब्येत विचारली की तू अंगठा पाठवतोस आणि अंगठा बरा आहे एवढंच त्यातून कळतं. मामींच्या गुडघ्याला आता आराम असावा. आम्ही इथे सगळे मजेत आहोत, माझ्या डाव्या हाताची चार बोटं सोडून. (फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. गेल्या पाच महिन्यांत गिटारबद्दल मी तुला सतरा मेसेज केले. तू सोळा अंगठे आणि एक बोलका निरोप पाठवलास. कागदावर अंगठा उमटवायचा तर शाई लागते, म्हणून पत्र.)

दिवाळीत तुझी जुनी गिटार माझ्या हातात देताना तू म्हणालास, "ताई, काही नाही गं, अगदी सोपं असतं." मी ते वाक्य डायरीत तारखेसह लिहून ठेवलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईने काहीतरी नवीन शिकावं हे तुझं मत मला तेव्हा लगेच पटलं. पटलेल्या गोष्टींवर मी पुष्कळ विचार करते, फक्त नंतर करते.

सुरुवात मात्र मी रीतसर केली. तारा सुरात लावायला जाणकार हवा म्हणून आमच्या शाळेचे मुख्याध्यापक हिंमतराव सर यांना विचारलं. सर भजनात पेटी वाजवतात, आणि पेटी वाजवणारा माणूस आमच्याकडे जगातल्या सर्व वाद्यांचा तज्ज्ञ समजला जातो. (सरांचंही हेच मत आहे.) त्यांनी विचारलं, कुठल्या पट्टीत गाता? मी म्हटलं, काळी चार. झालं. पेटीवरची काळी चार धरून त्यांनी गिटारची सगळ्यात जाड तार तिथवर पिळली आणि बाकीच्या त्याच मापाने वर चढवल्या. दोन तारा तुटल्या. सर म्हणाले, आजकाल माल असाच येतो. मी नव्या तारा मागवल्या आणि त्याही तितक्याच चढवल्या, कारण तज्ज्ञांचं ऐकायची मला लहानपणापासून सवय आहे.

आठवडाभरात तारा मानेपासून, म्हणजे बोटं दाबायच्या लांब दांड्यापासून, वर उचलल्या गेल्या. मधोमध एवढी फट, की मुंगळा ताठ मानेने खालून जाईल. तार दाबायची म्हणजे विळीवर बोट दाबल्यासारखं. तुला फोटो पाठवला. अंगठा. दुसरा पाठवला, तेव्हा तुझा नऊ सेकंदांचा बोलका निरोप आला. (त्यातले तीन सेकंद तू कुणाला तरी चहा सांगत होतास.) मान वाकली असेल, मानेच्या आत लोखंडी सळई असते, भोकातून चावी घालून ती फिरव, म्हणजे मान सरळ होते. कुठल्या बाजूला, हे बहुधा चहात गेलं.

मग यूट्यूबवरचा एक दाढीवाला गृहस्थ धरला. तो म्हणाला, एका वेळी फक्त पाव फेरी द्या, एक दिवस थांबा, आणि लिहून ठेवा. लिहून ठेवा म्हटल्यावर मला माझ्या योग्यतेचं काम मिळालं. तीन आठवडे मी नोंदी केल्या. सोमवार, पाव फेरी उजवीकडे. बुधवार, पाव फेरी उजवीकडे. अशा आठ नोंदी, सुवाच्य अक्षरात, आणि मान होती तशीच. मग लक्षात आलं. भोकाच्या आत चावीची जागा दिसेना, म्हणून काही दिवस मी हातातला आरसा आत तिरका धरून त्यात बघत फिरवत होते. आरशातली उजवी म्हणजे कुठली, हे मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. कुठली नोंद आरशातली आणि कुठली बिनआरशाची, तेवढं लिहायचं राहिलं. थोडक्यात, ती सळई मी तीन आठवडे पुढे नेली आणि मागे आणली.

एवढ्यावर मी गिटार गुपचूप खोळीत घालून ठेवली असती, पण मध्ये लक्ष्मीबाई आल्या. लक्ष्मीबाई बावीस वर्षं आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. मी मधल्या सुट्टीत सराव करते ती ग्रंथालयाची खोली स्वयंपाकाच्या शेडला लागून आहे. यूट्यूबवरच्या पहिल्या धड्यातलं चार ओळींचं गाणं आहे. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर एफ नावाची पकड येते, ज्यात एकच बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं असतं. तिथे मी थांबते. रोज तिथेच थांबते. लक्ष्मीबाई या महिन्याच्या अखेरीस काम सोडून परंड्याला लेकीकडे जाणार आहेत. हिंमतराव सरांनी निरोपाला शाल, नारळ आणि चार भाषणं ठरवली. हे ऐकून बाई हात पुसत सरळ ऑफिसात आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, भाषणं नगं. बावीस वर्सं तुमचीच ऐकली. त्यापरीस हर्षालीबाईंनी त्ये गाणं एकदा आख्खं वाजवावं. पाच महिनं झालं, घास अर्ध्यात अडकल्यावानी हुतंय मला."

सगळे हसले. सर म्हणाले वा, आणि फळ्यावर 'गिटारवादन' असं लिहूनही टाकलं.

तर श्रीनाथ, एवढं कर. सरांना दोन ओळी लिही. गिटार तुझी आहे, मान वाकल्यामुळे ती वाजवण्याजोगी राहिलेली नाही, दुरुस्तीसाठी तातडीने पुण्याला पाठवावी. तुझ्या शब्दाला इथे वजन आहे. (पुण्याच्या शब्दाला आहे, तुझ्या म्हणण्यात फार अर्थ नाही.)

तुझी,
हर्षालीताई

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र वाचून पाहिलं. त्यात एक गोष्ट खोटी आहे, आणि ती मी तुझ्या तोंडी घालते आहे, हे मला बरं वाटेना. मान वाकलेली नाही. मागच्या मंगळवारपर्यंत होती. त्या दिवशी चावी झिजली का ते दाखवायला मी स्टँडजवळच्या महालिंगप्पांच्या सायकल दुकानात गेले. ते उमरग्याकडचे, आयुष्यभर वाकड्या चाकांचा आऊट काढत आलेले. त्यांनी सळईकडे पाहिलंसुद्धा नाही. सायकलची तार वाजवून बघतात तशी गिटारची तार वाजवली आणि म्हणाले, "अक्का, तिची मान कशाला पिरगाळताय? आदी तारांना ताण किती दिलाय ते बगा की. येवढ्यानं रिमबी वाकंल." घरी येऊन मोबाईलवर तपासलं. प्रत्येक तार पेटीच्या चार पट्ट्या वर चढवलेली होती. काळी चार ही माझ्या गळ्याची पट्टी, गिटारला कुणी विचारलंच नव्हतं. तारा उतरवल्या, दोन दिवस थांबले, मान आपणहून परत आली. उरलेला बाक एका पाव फेरीत गेला (उजवीकडे, आरशाविना). हिंमतराव सरांना मी हे सांगितलेलं नाही. ते पेटीवर रागावतील.

आणखी एक ता. क. मान सरळ झाल्यावर कळलं की एफ मला तरीही येत नाही. म्हणजे पाच महिने मी ज्या मानेला बोल लावला, तिचा यात अर्धाच दोष होता. हे आज मी लक्ष्मीबाईंना शेडमध्ये जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "न्हाय तर न्हाय. फुडचं म्या लावलंय." मला कळेना. तेव्हा त्यांनी उलथनं हलवत माझी दीड ओळ गुणगुणली आणि न थांबता पुढे अडीच ओळी त्यांच्या स्वतःच्या. चाल वर जाते, जरा रेंगाळते आणि बरोबर घरी येते. मी विचारलं, हे केव्हा केलंत? "लई वाट बगितली बाई तुमची. मग म्हनलं, हिच्या नादानं खिचडी करपायची."

तेव्हा सरांना काहीही लिहू नकोस. लक्ष्मीबाईंच्या अडीच ओळी मी मोबाईलवर भरून तुला वेगळ्या पाठवते आहे. त्या ऐकून चालीत कुठे कुठली पकड येते ते नीट, अक्षरांत कळव. एफ येत असेल तर दुसरी शोध. कार्यक्रम शनिवारी, २६ तारखेला. त्या दिवशीच्या जेवणाचं कुणाला सांगायचं, असं सरांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी सवयीने लक्ष्मीबाईंकडेच पाहिलं. मीही पाहिलं. स्वतःच्या निरोपाचा स्वयंपाक त्या स्वतःच करणार आहेत. निदान गाणं तरी त्यांना आयतं मिळावं. (अर्धं. उरलेलं त्यांचंच आहे.)