जेवताना बोलायची भाषा

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार शेवटी करीन, आधी भांडते.

माझं बरं चाललंय. खोली कोरडी आहे, छापखान्यातले लोक सांभाळून घेतात.

आज तुमच्या लाडक्या, साऱ्या जगाने बोलावी म्हणून मुद्दाम बनवलेल्या एस्पेरांतोचं पोस्टर छापलं. त्या भाषेला चाळीस भाषांत काय म्हणतात, एवढंच त्यावर होतं. लिपी बदलते, शब्द जवळपास तोच. चिनी लोक तेवढे 'जगाची भाषा' म्हणतात. मशीनवाले काका वैतागले, "एकाच शब्दासाठी एवढी शाई कशाला?" सगळे हसले. माझं मात्र डोकं फिरलं.

जगाची भाषा म्हणे! जेवताना फक्त एस्पेरांतोत बोलायचं, हा नियम तुमचाच ना? आईला ती जमेना, म्हणून ती आपल्याला वाढून स्वयंपाकघरात एकटी जेवायची. तुम्ही एकदाही हाक मारली नाहीत. जगाशी बोलायला निघालात, स्वयंपाकघरापर्यंत काही पोचला नाहीत.

आता तरी दोघं एकत्र जेवता का? तिचा खोकला कसा आहे?

पत्र एस्पेरांतोतच लिही, असं बजावलं होतंत. मुद्दाम मराठीत लिहिलंय. आधी आईला वाचू द्या.

आता नमस्कार. तोही आधी तिला.

तुमची,
धाकटी