त्या सकाळचं ऊन

बाबा, आज संध्याकाळी तुमच्या नातवाचा पहिला सामना आहे. दोहातल्या एका क्लबाने त्याला बास्केटबॉल खेळायचा पगार देऊ केलाय. आपल्या घरात हे खूळ तुमच्यापासून आलं. नागपुरातल्या त्या कंपनीने तुम्हाला कारकून म्हणून घेतलं ते केवळ संघासाठी. सकाळी सराव, मग हजेरीपुरतं ऑफिस, दुपारी पुन्हा मैदान. शेजारचे काका चिडवायचे, "चेंडू आपटायचा पगार घेते हा माणूस!" तुम्ही म्हणायचात, "मंग तुमी फुकट आपटा न!" सगळे हसायचे. पण जो खेळू शकत नाही त्याला कंपनी गोदामात नेऊन बसवते, हे तुम्ही आईला हळूच सांगितलेलं मी ऐकलं होतं. म्हणून तुमचं दुखणंखुपणं कधी उंबऱ्याबाहेर गेलं नाही. जिना चढताना मध्येच थांबायचात, छातीवर हात ठेवायचात, आणि मी बघतेय म्हटल्यावर म्हणायचात, "काही नाही होत पोरी, श्वास तं सगळ्यांचाच चढते."

वैशाख लागला की आई तुमच्या पिशवीत कांदा टाकायची, ऊन बाधू नये म्हणून. "हाही टाकू का बास्केटात?" असं म्हणत तुम्ही तो हवेत उडवायचात. त्या दिवशीही उडवलात. मग आपण दोघं मैदानावर गेलो. तुम्ही उडी मारता, चेंडू जाळीतून खाली येतो, तुम्हीही खाली येता आणि उठत नाही. तुमचे सोबती आधी हसतात, त्यांना वाटतं नाटक करतोय. दुपारपर्यंत साऱ्या मोहल्ल्यात झालं, ऊन लागलं. आईने तेच धरून ठेवलं, आणि आम्हीही.

आता आम्ही दोहाजवळ अल खोरला राहतो. ह्यांची प्लांटवर शिफ्ट असते, त्यामुळे सरावाला लेकाला मीच नेते. गेल्या आठवड्यात तो खेळता खेळता कोर्टावरच खाली बसला. ओठ पांढरे पडले होते. मी धावले तर म्हणाला, "आय ॲम फाइन, मम्मा. खलास!" म्हणजे इथल्या बोलीत, विषय संपला. हात छातीवर होता. तुम्हाला त्याने पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी क्लबाची मेडिकल होती. तो अजून अठराचा नाही, म्हणून मला सोबत बसवलं. डॉक्टर केरळचे, बोलायला गोड. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "फॅमिली में किसी की अचानक डेथ हुई है? कम उमर में?" लेक माझ्याकडे बघत होता. इतकी आर्जवी नजर मी त्याची लहानपणीही पाहिली नव्हती.

"मेरे पिताजी को लू लगी थी," मी म्हटलं. "नागपूर में बहुत गरमी होती है."

"यहाँ से भी ज़्यादा?" डॉक्टर हसले. मीही हसले. कोर्टावर खाली बसल्याचं त्यानेही सांगितलं नाही, मीही नाही. बाहेर आल्यावर त्याने मला उचलून गोल फिरवलं.

तेव्हापासून मला धड झोप नाही. डॉक्टरांचा नंबर काढते आणि फोन पालथा ठेवते. एक वाक्य बोलले तर त्याचा खेळ थांबेल, आणि मग तो माझ्याशी कधी बोलेल की नाही कोण जाणे. नाही बोलले तर काय, ते मनातसुद्धा आणवत नाही. आत्ता तो दारात बूट बांधतोय. "यल्ला मम्मा, वी आर लेट!" बाहेर सगळं धुळीने पिवळं झालंय.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. डॉक्टरांशी मी खोटं बोलले नाही, घरात सांगत आलो तेच सांगितलं. पण त्या सकाळी तुमची पाण्याची बाटली धरून मी कोर्टाच्या कडेला उभी होते, बाबा. सूर्य अजून भिंतीच्या वर आला नव्हता. सिमेंट माझ्या अनवाणी पायांना गार लागत होतं.