चंद्रीची घंटी

३० मे, गुरुवार

सुट्टी मिळाली! वॉर्डाच्या इनचार्ज बाई म्हणाल्या, "मे संपता संपता आठवली का?" आठवली खरी. भक्तीची शाळा पंधरा दिवसांवर आली आणि पोरगी अजून परभणीच्या बाहेर पडली नाही. उद्या गावी, परवा डोंगर!

बा एकदम खूश. काळा चष्मा पुसून तयार. जत्रेत मीच घेऊन दिला होता, तेव्हापासून घरातसुद्धा काढत नाही. लय शौकीन म्हातारा!

माय म्हणाली, "मी पायथ्यालाच बसते बाई. गुडघं दुखायलेत."

३१ मे, शुक्रवार

गावी पोचलो. घर बंद, म्हणून शेजाऱ्यांकडं उतरलो. मेंढरांचं रिकामं कुंपण बघून कसंतरीच झालं. दिवाळीनंतर मीच हट्टानं सगळी विकायला लावली आणि दोघांना परभणीला आणलं. सत्तरीचा माणूस रानोमाळ फिरतो आणि लेक परभणीत नर्स — लोक काय म्हणतील? बा फक्त एवढंच म्हणाला होता, "चंद्री तेवढी राहू दे." चंद्री म्हणजे घंटीवाली शेळी. ती पुढं, मेंढरं तिच्यामागं. मी हसले होते. "तिसऱ्या मजल्यावर शेळी बांधू का?" गेली तीपण, झरीच्या मुंजाजीकडं.

घंटी मात्र मायनं काढून घेतली. कमरेला किल्ल्यांत अडकवलीय. घरभर किणकिण. भक्ती तिला 'शेळीआजी' म्हणते!

आज मायनं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. दुसऱ्याच्या घरचे डबे म्हणे. खूप हसलो.

१ जून, शनिवार

सुरुवातीपासून लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

पहाटेच निघालो. मी, शिवशंकर, भक्ती आणि बा. माय खाली लिंबाखाली बसली. हवा गार होती, कसली घाई नव्हती. बा सगळ्यांत पुढं! "हितं दगड हाय, पाय वर घे. आता बोर लागंल, काटं संभाळ." सांगितलं तिथंच दगड, सांगितलं तिथंच बोर. शिवशंकरला धाप लागली, तो दर शंभर पावलांवर फोटोच्या नावाखाली थांबायचा. बा म्हणाला, "जावई गोरा हाय, ऊन सोसत न्हाई." सगळे हसलो. माझा नवरा तव्यासारखा काळा! सोयरीक जमली त्या दिवसापासून बाची ही थट्टा चालू आहे.

वर खंडोबाला नारळ फोडला. भाकरी, ठेचा, कांदा. बा लांब बोट दाखवून म्हणाला, "येलदरीचं पाणी बघ कसं चमकायलंय." मी बघितलं — नुसता चिखल. यंदा धरणाचा तळ दिसतोय. तसं म्हटलं तर म्हणाला, "चष्म्यातून तसं दिसतंय गं." पुन्हा हसलो. किती हसलो आज!

उतरताना बा म्हणाला, मेंढरांच्या वाटेनं जाऊ. तो पुढं, चंद्रीच्या गोष्टी सांगत. वळण घेतलं — आणि पुढं डोंगरच नाही! कुणीतरी जेसीबी लावून मुरूम काढलाय. सरळ कापलेला कडा, खाली दोन मजले खड्डा. मला वाटलं बा थांबेल. तो थांबेना. बोलतच होता. भक्ती किंचाळली, "आजोबा!" त्याचा एक पाय हवेत होता.

मी मागून सदरा धरला. टर्रकन फाटला. आम्ही दोघं मागं आपटलो. चष्मा खड्ड्यात गेला.

मी बाचं तोंड माझ्याकडं वळवलं. दोन्ही बुबुळं पांढरी. उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी!

बा हातानं जमीन चाचपत होता. "हितं तर वाट होती. डोंगर कुठं गेला, बबे?"

२ जून, रविवार

दहा वर्षं!

मायनं आज सगळं सांगितलं. आधी अंधूक झालं, मग गेलंच. चंद्रीच्या घंटीमागं बा रान फिरायचा. मेंढरं तिच्यामागं आणि धनीपण तिच्यामागंच. विकली मीच. परभणीत आल्यावर मायनं घंटी स्वतःच्या कमरेला बांधली, म्हणजे बाला कळावं ती कुठं आहे. आणि आम्ही? शेळीआजी!

मी मायवर ओरडले. "तुला माहीत होतं आणि तू गप्प?"

"सांगून काय करू? मेंढक्याला दिसत न्हाई म्हणल्यावर खतासाठी शेतात मेंढरं बसवायला कोण बोलावंल? अन् रातच्याला निम्मी मेंढरं लोकं नेतील. तुझं शिक्षण व्हायचं होतं. मग सवय झाली बघ. चालायलंय म्हणलं दोघांचं, एकमेकाला धरून."

म्हणजे बानं भक्तीला बघितलेलंच नाही. "नाक माझ्यावर गेलंय" म्हणायचा — ते हात लावून! जावयालाही बघितलं नाही. ती थट्टा नव्हतीच. कुणीतरी गोरा आहे म्हणून सांगितलं असणार.

रोज चाळीस पेशंटना विचारते, त्रास काय होतो? घरच्या माणसाला एकदा विचारलं नाही. लाज वाटते मला.

३ जून, सोमवार

डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. मोतीबिंदू, पार पिकलेला. पण पडदा शाबूत आहे. दिसू शकतं! एवढ्यासाठी दहा वर्षं? अर्ध्या तासाचं ऑपरेशन! मी तिथंच रडले. माय पूर्ण वेळ माझी ओढणी धरून होती. घाबरली असेल बिचारी.

मुंजाजीला फोन केला. चंद्री आहे. दोन पिल्लं झालीत. परत देतो म्हणाला.

६ जून, गुरुवार

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. उद्या पट्टी काढणार. खंडोबा, सांभाळ रे.

७ जून, शुक्रवार

पट्टी काढली. बानं आधी भक्तीला बघितलं. लय वेळ बघितलं. मग शिवशंकरला — "आरं, तू काळा हायस की!" नर्ससुद्धा हसल्या. भक्ती आजीला आणायला पळाली. बा उठून खिडकीशी गेला आणि रस्त्यावरच्या ऑटोरिक्षा बघत उभा राहिला, लहान मुलासारखा.

किणकिण आली. भक्तीचा हात धरून माय आत आली, दुसऱ्या हातात चहा. रिकाम्या खाटेपुढं कप धरून म्हणाली, "घ्या की, थंड व्हायलाय."

बा वळला. तिच्याकडं बघत राहिला. ती खाटेकडंच हसत होती.

"कासे," बा म्हणाला, "तुला बी दिसत न्हाई? कवापासून गं?"