दही पुन्हा हिरवे पडले

शके १७००, विलंबी नाम संवत्सर. वैशाख शुद्ध ३. सकाळी.

आज मुहूर्त चांगला म्हणून रोजनिशी आणि पोथी दोन्ही सुरू केल्या. रोजनिशी कोणी वाचायची नाही. पोथी सर्वांनी वाचायची, पण सभेने मान्य केल्यावर.

पोथीचा विषय ताम्रभस्म. तांबे जाळून औषध करण्याची आमच्या घरची रीत. आमचे भस्म घेऊन आजवर एकाही रोग्याला उलटी झालेली नाही. पुण्यातल्या बाकीच्या वैद्यांना असे म्हणता येणार नाही, म्हणून त्यांचा डोळा आमच्या भट्टीवर असतो. ग्रंथपरीक्षेच्या सभेकडे आषाढी अमावास्येपर्यंत पोथी आणि भस्माचा नमुना द्यायचा. श्रावणात निकाल. मान्य झाली तर औषध सरकारी औषधखान्यात जाते आणि पोथीवर कर्त्याचे नाव कायम राहते.

कुटुंब माघात देवाघरी गेले. भट्टीचे काम तेच पाहत असे. मी ओटीवरून देखरेख करीत असे. त्याच्या हातच्या भस्माची एक डबी शिल्लक आहे.

निश्चय: पंधरा दिवसांत पोथी पुरी करणे. कोणालाही काही न सांगणे.

वैशाख शुद्ध ९.

सभेचे नियम कडक. कागद जुन्नरी, पानाला दहा ओळी, दोन्ही अंगांना दोन बोटे समास. चूक झाल्यास पिवळी हरताळ फासून वर लिहावे, खोडू नये. आज चार पाने झाली. पैकी मंगलाचरण साडेतीन.

मुक्ताबाई ही कुटुंबाची थोरली बहीण. माघापासून आमचे घर तीच पाहते. सकाळी जात्यावर ओवी म्हणते. कुटुंबाचीच ओवी. बाळाला न्हाऊ घातले, बाळ निजवले, असे काहीतरी. आम्हाला मूल नव्हते. कुटुंबाने ती ओवी धरली की मी उपरणे उचलून बाहेर पडत असे. आजही पडलो. त्यामुळे पाचवे पान राहिले.

वैशाख वद्य २.

सुवाच्य नकलेसाठी दिगंबरपंत लेखकाला ठेवले. माणूस बरा दिसत नाही. बोरू तासता तासता माझे पान वाचत होता. हटकले तेव्हा म्हणाला, "वैद्यराज, न वाचता नक्कल करण्याची विद्या मला अवगत नाही. आपल्याला असल्यास शिकवावी." उत्तर इतके तयार होते की संशय वाढला.

उपाय: महत्त्वाच्या जागा कोऱ्या ठेवल्या. गोवऱ्या किती, विस्तव किती वेळा, आणि शेवटची क्रिया. ह्या तीन जागा मी अखेरीस स्वहस्ते भरीन. तिन्ही मला तोंडपाठ आहेत.

वैशाख वद्य ५.

तोंडपाठ आहेत. आत्ता आठवत नाहीत इतकेच. एकदा भट्टी लावली की आपोआप आठवतील.

वैशाख वद्य ६.

समोरच्या गेनबा तांबटाकडून तांब्याचा पत्रा आणला. शुद्ध आहे ना, असे तीनदा विचारले. तिसऱ्यांदा त्याने हातोडी खाली ठेवली. म्हणाला, "वैद्यबुवा, ह्याच पत्र्याची पानं वहिनी न्यायच्या. त्यांचं कधी बिघडलं न्हाई." बिघडेल असे मी म्हणालोच नव्हतो. त्याला ते कसे सुचले?

ज्येष्ठ शुद्ध ४.

पहिली भट्टी. तांब्याची पाने तापवून ताकात बुडवली, गंधक घालून लिंबाच्या रसात खलली, दोन मातीच्या परळांमध्ये कोंडून वरून कापडमाती लिंपली. चाळीस गोवऱ्या. भस्म दिसायला उत्तम.

ज्येष्ठ शुद्ध ५.

चिमूटभर भस्म दह्यात टाकून ठेवले होते. भस्म कच्चे असेल तर दही हिरवे पडते. पडले. दह्यातच काही दोष असावा. गवळी अलीकडे माझ्याकडे पाहत नाही.

ज्येष्ठ शुद्ध ११.

गवळी बदलला. साठ गोवऱ्या. दही पुन्हा हिरवे पडले.

मुक्ताबाईने वाटीत डोकावून विचारले, "भावोजी, सुरण आणवू का बाजारातून?" मी इथे कोणत्या विवंचनेत आणि हिला भाजी सुचते. सुरणाने माझ्या घशाला खाज सुटते हे तिला ठाऊक आहे. कुटुंबही भट्टीच्या दिवशी सुरण भाजत बसायचे. मी कधी विचारले नाही, पानात वाढू नका एवढे सांगून ठेवले होते. दोघी बहिणी एका वळणाच्या.

ज्येष्ठ शुद्ध १२.

आज एक गंभीर गोष्ट लक्षात आली. समोर गेनबाची बायको मैना दळताना तीच ओवी म्हणते. शब्दन् शब्द तीच. आमच्या घरातली ओवी रस्ता ओलांडून गेलीच कशी? आज ओवी गेली, उद्या भस्माची कृती जाईल.

मुक्ताबाईला बोलावून ओवी बंद करण्यास सांगितले. ती म्हणाली, "बरं." एवढेच म्हणाली. हेही मला आवडले नाही.

ज्येष्ठ शुद्ध १४.

घरात शांतता. पीठ जाडे येते आहे. मुक्ताबाई म्हणते, ओवीशिवाय हाताला माप राहत नाही. पोथी पुढे सरकली नाही, पण ती ओवीमुळे नव्हे.

ज्येष्ठ वद्य ८.

डबी नाहीशी. कालपर्यंत धान्याच्या कणगीत होती. त्याआधी माळ्यावर, त्याआधी उशीखाली. दिगंबरपंताला थेट विचारले. त्याने दौत बंद केली, उठून बंडी झटकून दाखवली, पागोटे सोडून दाखवले आणि म्हणाला, "आणखी काही सोडू?" मुक्ताबाई माजघरात हसली असावी.

सायंकाळी: डबी देवघरात, शाळिग्रामाच्या संपुष्टात सापडली. तिथे ठेवण्याची कल्पना माझ्याखेरीज कोणाला सुचली नसती, हे खरे. तरी दिगंबरपंतावरचा संशय पुरता गेला नाही.

झाकण उघडून पाहिले. वास तिच्या पदराला येत असे तसा. झाकण लावले.

आषाढ शुद्ध ६.

गोवऱ्या ओल्या. भट्टीतून नुसता धूर. दही हिरवे. ह्या दह्याला कारण गोवऱ्या, हे उघड आहे. मागच्या दोन दह्यांची कारणे वेगळी होती.

आषाढ वद्य १०.

दिगंबरपंताची नक्कल पुरी झाली. अक्षर सुरेख आहे, मान्य करावे लागते. जाताना म्हणाला, "त्या तीन कोऱ्या जागा तेवढ्या भरा. शास्त्रीमंडळींची नजर आधी कोऱ्या जागेवरच जाते." माझ्या कोऱ्या जागांची ह्याला एवढी काळजी का?

आषाढ वद्य ३०. दुपारी.

आज शेवटचा दिवस. जागा स्वहस्ते भरल्या. गोवऱ्या: चाळीसला दही हिरवे पडले, साठलाही पडले, म्हणून विचारपूर्वक पन्नास लिहिल्या. विस्तव किती वेळा: आधी पाच, मग हरताळ लावून तीन, मग हरताळ लावून पुन्हा पाच. ते पान आता हळदीच्या अंगासारखे दिसते. हरताळ संपली. शेवटच्या क्रियेच्या जागी "गुरुमुखातून जाणावी" असे लिहिले. शास्त्रीय ग्रंथांत अशी पद्धत आहे.

नमुना माझ्या भट्टीचा देणार होतो. पण कृती एकच, मग भस्म कोणत्या भट्टीचे ह्याला महत्त्व नाही. कुटुंबाची डबी दिली. अर्धी काढून ठेवावी असे एकदा मनात आले. कमी दिसली तर सभेला शंका येईल, म्हणून सगळी दिली.

कर्त्याचे नाव: यज्ञेश्वर.

आता काही काळजी नाही. मुक्ताबाईने विचारले, "डबी पण दिलीत?" आणि उठून आत गेली. चार दिवस माझ्याशी बोलणार नाही असे दिसते.

श्रावण शुद्ध १३.

सभेचे बोलावणे आले. निकालाआधी कर्त्याला बोलावतात म्हणजे सन्मानच. नवे उपरणे काढून ठेवले.

श्रावण शुद्ध १४.

परीक्षक शास्त्री वृद्ध आहेत. फार सावकाश बोलतात. पुढ्यात दोन वाट्या होत्या. एकीतले दही पांढरे, दुसरीतले हिरवे.

म्हणाले, "ही पांढरी आपल्या डबीतली. असं भस्म मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही." मी मान लववली. मग म्हणाले, "ही हिरवी आपल्या पोथीतली. जसं लिहिलंत तसंच केलं. पन्नास गोवऱ्या, पाच विस्तव." मी म्हणालो की तांबे कोठून आणले ह्यावर बरेच अवलंबून असते. ते म्हणाले, "तांबं आपल्याच आळीतलं. गेनबाचं."



त्यांनी पोथीचे पिवळे पान माझ्यापुढे सरकवले. "गुरुमुखातून जाणावी असं लिहिलंय. आपले गुरू कोण? त्यांना घेऊन या, आम्ही विचारू." मी म्हणालो, ते शक्य नाही. "परगावी आहेत?" मी म्हणालो, माघात गेले. शास्त्रींनी पान आपल्याकडे ओढून घेतले. मग कमी आवाजात म्हणाले, "मग त्यांच्याजवळ बसून कोणी ऐकलं असेल, त्याला आणा. आपण ऐकलेलं दिसत नाही."

पोथी परत. डबीही परत. रिकामी.

श्रावण शुद्ध १५.

शास्त्रींना कोणीतरी फितवले असावे, असे सकाळपर्यंत वाटत होते. कोणी, ते ठरेना.

मुक्ताबाईला विचारले, कुटुंब भट्टी कशी लावायचे. ती म्हणाली, "मी काय सांगणार. तुम्हीच बंद केलीत ना." मी म्हणालो, मी ओवी बंद केली होती. ती म्हणाली, "तेच म्हणते मी."

मग ती जात्याशी बसली. मी उपरणे घेतले नाही. खांबाला टेकून बसलो.

तापल्या तान्ह्याला गं ताकात सात न्हाणं
लिंबाच्या रसामधी खेळवी छान छान
वीस गोवऱ्या खाली, वर गं बावीस
मातीचं दार लिंपा, निजू द्या तीन दिस
सुरणाच्या पोटामधी निजला माझा बाळ
राहू दे दही पांढरं, निवू दे त्याचा जाळ

बाळ म्हणजे तांबे. वीस आणि बावीस. तीन दिस म्हणजे तीन विस्तव. शेवटी सुरणाचा गड्डा कोरून त्यात भस्म कोंडायचे आणि वरून माती लिंपून भाजायचे.

समोरून मैनाने जाते थांबवून ओरडून सांगितले, "मुक्ताबाय, 'दिस'च्या आदी खल किती ते ऱ्हायलं." तेही कडवे होते. सगळ्या आळीला येत होते.

मुक्ताबाई म्हणाली, "भावोजी, ती तुम्हाला ऐकू यावं म्हणून मोठ्यांदा म्हणायची. तुम्ही नेमके दुसऱ्या ओळीला उठायचात."

श्रावण वद्य ९.

सुरण आणला. कोरताना हाताला खाज सुटली. सोसली.

श्रावण वद्य १०. सकाळी.

दही पांढरे.

वाटी मुक्ताबाईला दाखवली. ती म्हणाली, "तिचं याहून पांढरं असायचं." आहे तसे लिहून ठेवतो.

भाद्रपद शुद्ध २.

सभा उठली. आता पुढचा श्रावण. पोथी नव्याने लिहायला घेतली. मंगलाचरण नाही. दिगंबरपंत फुकट लिहून देतो म्हणाला. त्यामागे काही हेतू दिसला नाही; पुष्कळ शोधला.

सबंध पोथी एका पानात बसली. ओवीच आहे, वाढवणार काय?

कर्त्याच्या जागी थांबलो. ते नाव मी लग्नात एकदा घेतले होते, त्यानंतर तोंडातून निघाले नाही. बोरू कोरडा पडला, पुन्हा बुडवला. भागीरथी असे लिहिले. शाई थोडी फुटली. हरताळ संपलेली आहे, त्यामुळे आता बदलता येणार नाही.

खाली बारीक अक्षरात लिहिले: ऐकून उतरवणार यज्ञेश्वर. दिगंबरपंताने वाचून विचारले, "ऐकून? कधी?"

 ओळ राहू दिली.